‘निम्मं झाड उतरवा, वर डांबर फासा’ : छाटणीच्या फिरत्या सल्ल्याला उत्तर

सामूहिक बागेत फळझाडांची छाटणी शिकायला येणारे बरेच जण एक मेसेज मोबाइलमध्ये घेऊनच येतात. त्यातली फर्मानं अशी : फांदी खोडालगत सपाट कापा, जखमेवर डांबर नाहीतर ऑइलपेंट लावा, दरवर्षी निम्मं झाड उतरवा म्हणजे फळं लगडतील, सगळं थंडीत उरका, आणि नवख्यांनी कात्रीला हात लावू नये.

‘खोडालगत सपाट कापा.’ सगळ्यात जास्त झाडं याच सल्ल्यानं बिघडतात. फांदी खोडाला मिळते तिथे नीट बघा. बुडाशी किंचित फुगीर, सुरकुतलेला वेढा असतो आणि वर बेचक्यात सालीची उंचावलेली गडद रेघ. हा वेढा म्हणजे कॉलर. कुज खोडात उतरू नये म्हणून झाड जो अडसर उभा करतं, तो इथेच. सपाट कापलं की कॉलर जाते आणि फांदीची जखम खोडाची होते. बरं, घाबरून लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो, नव्या सालीला तो झाकता येत नाही. काप कॉलरच्या जरासा बाहेर हवा, बस.

जड फांदी असेल तर तीन काप. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून, पाव जाडीपर्यंत. मग त्याच्या थोडं पुढे वरून. फांदी पडली की उरलेला खुंट कॉलरपाशी. खालचा काप टाळला तर फांदी पडताना खोडाची साल सोलत खाली येते.

आपलं बरोबर आलं का, हे झाडच दाखवतं. पुढच्या वर्षी जखमेभोवती चहूबाजूंनी गोल कडं दिसलं तर काप जमला. दोन्ही बगलांना नवी साल आणि वर-खाली मेलेली जागा, म्हणजे सपाट कापलं होतं.

‘डांबर लावा.’ अमेरिकेच्या वनसेवेतले वृक्षरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं करवतीनं चिरून आतली कुज पाहिली. १९७७ साली त्यांनी मांडलं ते असं : आपली कातडी भरून येते तसं झाडाचं नसतं. खराब झालेलं लाकूड ते कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. डांबर-रंगानं कुज थांबत नाही, उलट आत ओल अडकू शकते. मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट वेगळी; ती बुरशीनाशक आहे, ठरावीक रोगांसाठी लावतात.

‘निम्मं झाड उतरवा.’ द्राक्ष, बोर यांना फळ चालू हंगामाच्या फुटीवर येतं, म्हणून त्यांची दरवर्षी जोरात छाटणी होते. तिथला नियम उचलून सगळ्या झाडांना लावलेला दिसतो. आंब्याचा मोहर पक्व काडीच्या शेंड्याला येतो. मोहराच्या तोंडावर शेंडे खुडले की मोहरही गेला. सफरचंद आखूड काड्यांवर वर्षानुवर्षं फळतं. त्या ‘खुरट्या दिसतात’ म्हणून सफाचट करणारे उत्साही असतातच.

शिवाय शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, दाबून ठेवतं. निम्मे शेंडे एकदम गेले, मुळं मात्र तेवढीच राहिली, की पाणसोट, म्हणजे सरळसोट वर जाणारे जोमदार कोंब, उसळतात. लोक खूश होतात, ‘झाड कसं तरारलं!’ पण ती सगळी फळाविना वाढ. एका हंगामात पाव भागापेक्षा जास्त काढू नये.

‘सगळं थंडीत.’ पानगळ झालेल्या सफरचंद-नासपतीला हे चालतं. आंब्याला फळं उतरल्यावर हात लावावा. थंड, ओल्या हवामानात आलुबुखार आणि चेरी उन्हाळ्यात छाटतात, कारण सिल्व्हर लीफ या रोगाची बुरशी ओल्या दिवसांत ताज्या जखमेतून शिरते. वाळलेली, रोगट, मोडकी फांदी मात्र दिसली की काढा, मुहूर्त नको.

‘नवख्यांनी हात लावू नये.’ मग शिकायचं कुठे? वाळलेल्या, रोगट, मोडक्या फांद्यांपासून सुरुवात केली तर बिघडण्यासारखं फार काही नसतं. रोगट फांदीनंतर पात्याला सत्तर टक्के अल्कोहोल पुसायचं, एवढं पाळावं. सामूहिक बागेतला खरा धोका वेगळाच : पाच जण येतात, प्रत्येक जण ‘दोनच’ फांद्या काढतो आणि संध्याकाळी झाड बोडकं. म्हणून एका झाडाला एकच कापणारा ठेवावा. काढायच्या फांद्यांना आधी सुतळी बांधायची, सगळ्यांनी झाडाभोवती फिरून बघायचं, सुतळ्या मोजायच्या. जास्त वाटल्या तर सोडून टाकायच्या. सुतळी सोडता येते.