तुकड्यांची शेती आणि चीनचा शेतकरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. १९४९च्या क्रांतीआधीच्या चीनमध्ये शेतीचे लहान तुकडे हा खरा अडसर नव्हता, या माझ्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप दोन. चिनी शेतीची पाहणी करणारा अमेरिकी शेती-अर्थतज्ज्ञ लॉसिंग बक याने बरी परिस्थिती असलेली गावंच पाहिली, त्यामुळे त्याचे आकडे भरवशाचे नाहीत. आणि तुकड्यातुकड्यांच्या शेतांमुळे उत्पादन मार खात होतं, म्हणून सामुदायिक शेतीला पर्यायच नव्हता.

पहिला आक्षेप बराचसा रास्त आहे. १९२९ ते १९३३ दरम्यान बकने १६,७८६ शेतांची पाहणी केली, तीत मोठ्या शेतांना झुकतं माप मिळालं. पण मग याचा अर्थ काय होतो, बघा. त्याची सरासरी चार एकरांच्या आसपास येते. म्हणजे सर्वसाधारण शेतकऱ्याकडे त्याहूनही कमी जमीन होती, तीही पाच-सहा ठिकाणी विखुरलेली. तिकडचा एक मू म्हणजे आपले साडेसहा गुंठे; काही तुकडे तर त्याहूनही लहान.

दुसरा आक्षेप मात्र मला अजिबात पटत नाही. तुम्ही एकरी उत्पादन आणि माणशी उत्पादन यांची गल्लत करताय. भाताचं एकरी उत्पादन तिथे त्या काळच्या भारतापेक्षा बरंच जास्त होतं. यांगत्सेच्या खोऱ्यात शेतकरी होडीतून कालव्याच्या तळाचा गाळ उपसायचा, हिरवळीच्या पिकात कालवून कुजवायचा आणि खांद्यावरच्या कावडीने शेतात नेऊन टाकायचा. शहरातल्या मैल्यालाही दाम होता: १९०८ साली शांघायच्या विदेशी वस्तीतला ७८,००० टन मैला उचलण्याच्या हक्कासाठी एका कंत्राटदाराने ३१,००० डॉलर मोजले! अशा जमिनीला आळशी कसं म्हणायचं? कमी पडत होतं ते माणशी. एवढे हात राबायचे, की वाट्याला येणारं धान्य जेमतेम पोटापुरतं. एक पावसाळा हुकला की संपलं. वायव्य चीनमधल्या शान्शी-गान्सू प्रांतांतल्या १९२८–३०च्या दुष्काळाची तुम्ही आठवण करून दिलीत, तो याच काठावरच्या जगण्यातला.

पण बांध मोडून हे कसं सुटणार होतं? खाणारी तोंडं तेवढीच, जमीन तेवढीच. कमतरता होती रासायनिक खताची, विहिरींची, पंपांची, शेतीबाहेरच्या रोजगाराची. १९५९–६१चा भीषण दुष्काळ तर कम्यूनच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या, मोठाल्या शेतांवरच पडला. आणि १९७८नंतर जमीन पुन्हा कुटुंबांना, पुन्हा तुकड्यांतच वाटली गेली, तेव्हा धान्य सुमारे ३० कोटी टनांवरून १९८४पर्यंत ४० कोटींवर गेलं. त्यात खताचा, संकरित बियाण्याचा आणि सरकारने वाढवलेल्या खरेदीभावाचा वाटा मोठा आहे, हे मला मान्यच आहे. पण तुकडे आड आले असते, तर ही वाढ झालीच नसती.