चॅसिस आधी, इंजिन नंतर : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी सावकाश वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : हिवाळ्यात घरच्या गॅरेजमध्ये जुनी फोरव्हील ड्राइव्ह गाडी सुटी करून पुन्हा उभारण्याविषयी मी जे लिहिले, त्यात सारा वेळ चॅसिस (गाडीचा पोलादी सांगाडा) आणि ॲक्सल (चाकांना फिरवणारा आडवा आस) यांवरच गेला आणि इंजिन न उघडताच परत बसवले, त्यामुळे काम अर्धवट राहिले, चॅसिसला घरी वेल्डिंग करणे हा बेजबाबदारपणा आहे आणि माझे वाचून नवखे लोकही तेच करायला धजावतील, आणि अशा कामासाठी हिवाळ्याइतका चुकीचा ऋतू दुसरा नाही. शेवटी आपण असेही लिहिले आहे की, पहिल्याच ओढ्यात या गाडीची परीक्षा होईल. या सर्व आक्षेपांचे वजन सारखे नाही. वेल्डिंगचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून तो आधी घेतो.

त्यातला धोका खरा आहे, पण ‘घरी’ आणि ‘कारखान्यात’ अशी सरसकट विभागणी मला मान्य नाही. शिडीसारख्या चॅसिसवरच्या सगळ्या जागा सारख्या जोखमीच्या नसतात. लांब तुळई भाराखाली वाकू लागते तेव्हा तिच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत ताण सर्वाधिक असतो आणि उभ्या बाजूच्या मध्यरेषेजवळ तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये आणि तिच्यावर आडवा वेल्ड मारू नये, असे जाणते कारागीर बजावत असतात. ठिगळ लावावेच लागले तर त्याची टोके तिरकी आणि निमुळती ठेवतात, कारण तुळईला काटकोनात गेलेली वेल्डची रेघ म्हणजे तडा कुठून जावा हे आपणच आखून दिल्यासारखे असते. हे सगळे लक्षात घेऊन मी घरी वेल्डिंग केले ते केवळ बॉडी ज्यांवर टेकते त्या बाहेरच्या ब्रॅकेटांना. पाट्यांचे (म्हणजे लीफ स्प्रिंगचे) हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि मागच्या बाजूला लांब तुळईचा कुजलेला भाग यांना मी हात लावला नाही. ते काम चॅसिस दुसऱ्या गाडीवर चढवून व्यावसायिक वेल्डरकडे नेऊन करून घेतले. ब्रॅकेटचा वेल्ड सुटला तर बॉडी खडखडू लागते आणि गाडी थांबवून पाहता येते. स्टिअरिंग बॉक्स निखळला तर पाहायला वेळच मिळत नाही.

माझा निकष एवढाच आहे : जे काम झाल्यावर मोजून किंवा तपासून खात्री करता येते ते घरी करावे, ज्याची खात्री घरी करता येत नाही आणि जे बिघडले तर आधी सूचना मिळत नाही, ते बाहेर द्यावे. वेल्डिंगचीसुद्धा एका मर्यादेपर्यंत तपासणी करता येते. प्रत्यक्ष ब्रॅकेटला हात लावण्याआधी त्याच जाडीच्या दोन तुकड्यांवर, मशीनच्या त्याच सेटिंगवर वेल्ड मारावा, तो आडवा कापावा, कापलेली बाजू घासून गुळगुळीत करावी आणि धातू मुळापर्यंत वितळून एकजीव झाला आहे का ते पाहावे. वरून सुबक दिसणारा वेल्ड आत नुसता चिकटलेला असू शकतो, आणि ते अशा कापातूनच उघड होते. गंजाचेही तसेच आहे. बंद पेटीसारख्या तुळईत चिखल साचून निचऱ्याची भोके बुजतात आणि गंज आतून खात जातो, बाहेरचा रंग मात्र शाबूत असतो. म्हणून हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, आणि शंका आली तेथे अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावावे. वेल्डिंगच्या आधी आणि नंतर चॅसिसच्या ठरावीक भोकांतून ओळंबे सोडून फरशीवर खुणा केल्या आणि कर्ण मोजले, की उष्णतेने चॅसिस ओढली गेली का हेही कळते. हे मोजमाप मी लेखात तपशिलाने दिले होते, कदाचित आपल्या नजरेतून ते सुटले असावे.

आता इंजिन. इंजिन हेच गाडीचे हृदय, असे आपण लिहिता. सपाट रस्त्यावरच्या गाडीविषयी मी याला फारशी हरकत घेणार नाही. पण खडकाळ चढावर जीव लागतो तो चाकांच्या जवळ. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलांना शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) लो रेंजचे २.५ आणि क्राउन-पिनियनचे (ॲक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचे) ४ असे धरले, तर घर्षणातला थोडा तोटा सोडून इंजिनाचा पीळ (टॉर्क) चाकांपर्यंत पोहोचेतो ४० पट होतो. हा सारा पीळ क्राउन-पिनियनच्या मोजक्या दातांवरून आणि दोन ॲक्सल शाफ्टांवरून जातो. एखादे चाक हवेत फिरत असताना अचानक खडकाला टेकले, तर बसणारा धक्का याहूनही मोठा असतो. शर्यतीच्या इंजिनावर जेवढे लक्ष दिले जाते तेवढे या गाडीत ॲक्सलवर द्यावे, असे माझे मत आहे.

आणि ते काम मोजण्याचेच आहे. पिनियनच्या बेअरिंगांचा पूर्वभार (आवळून आधीच दिलेला दाब) पीळमापकाने पाहायचा, दातांमधली ढिलाई डायल गेजने मोजायची (बहुतेक ॲक्सलांत ती ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते, पण शेवटचा शब्द त्या गाडीच्या मॅन्युअलचा), मग दातांना रंगाची पेस्ट लावून फिरवायचे आणि ठसा दाताच्या कुठल्या भागावर उमटतो ते पाहायचे. ठसा दाताच्या मुळाकडे किंवा टोकाकडे सरकला असेल तर पिनियनखालचा शिम (पातळ चकती) बदलायचा, ढिलाई पुन्हा जमवायची आणि पुन्हा ठसा घ्यायचा. हे कंटाळवाणे आहे. घाईच्या कारखान्यात हाच टप्पा आखडता घेतला जाण्याची शक्यता अधिक, आणि येथे घरच्या माणसाकडे एक मोठी सोय असते : त्याच्यामागे पुढच्या गाडीची रांग नसते.

इंजिन उघडले नाही, याचा अर्थ ते पाहिले नाही असा होत नाही. गाडी सुटी करण्यापूर्वी, इंजिन गरम असताना, सगळे स्पार्क प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडरचा दाब घेतला. सिलिंडरांमधला फरक मॅन्युअलने दिलेल्या मर्यादेच्या पुष्कळ आत होता. दाब कमी निघाला असता तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजता आले असते : दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहावे. त्यानंतर दाबाची हवा सोडून ती सायलेन्सरमधून, इनटेकमधून की ऑईल भरण्याच्या तोंडातून निसटते हे ऐकले. गरम इंजिनाचा ऑईल दाबही पाहिला. एवढे सगळे ठीक असताना केवळ समाधानासाठी इंजिन उघडणे म्हणजे नीट बसलेल्या रिंगा आणि गॅस्केट यांना विनाकारण धक्का लावणे होय. शिवाय थंड गॅरेजमध्ये उघड्या पडलेल्या सिलिंडरच्या भिंतींवर दव धरते आणि गंजाची पातळ झिलई चढायला फार दिवस लागत नाहीत. सिलिंडर बोअर करणे, क्रँकशाफ्ट घासणे ही कामे तर माझ्या निकषाप्रमाणे बाहेरचीच.

हिवाळ्याविषयी आपण अंशतः बरोबर आहात. रंगकामासाठी हा ऋतू खरोखरच वाईट आहे. बहुतेक इपॉक्सी प्रायमर १० अंश सेल्सिअसखाली फार सावकाश सुकतात, आणि पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसेल तर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यावर रंग बसतो. गॅरेजमधली हवा लवकर तापते, पण जाड चॅसिस तासन्‌तास थंडच राहते. म्हणून भिंतीवरचा तापमापक पाहून उपयोग नाही, मोजायचे ते पोलादाचे तापमान. त्यात रॉकेलचा हीटर लावला तर अडचण वाढते, कारण एक लिटर रॉकेल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते आणि ती वाफ थंड चॅसिसवरच जाऊन बसते. म्हणूनच प्रायमर आणि रंग मी उबदार दिवसांपर्यंत पुढे ढकलले. हिवाळा ठेवला तो सुटे करणे, मोजणे, ॲक्सल आणि ब्रेक यांच्यासाठी. गोठणबिंदूखालच्या पोलादावर वेल्ड करण्याआधीही ते हाताला कोमट लागेल इतके तापवून ओलावा घालवला.

नवख्यांच्या बाबतीत मला खरी धास्ती वाटते ती येथे, आणि त्याविषयी आपल्या प्रतिक्रियेत काहीच नाही. थंडीमुळे दारे बंद असतात. बंद जागेत ज्योतीचा हीटर किंवा चालू इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते, म्हणून टाकी आणि कार्ब्युरेटर आधी गॅरेजबाहेर गेले पाहिजेत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर तो पुरता उडून जाण्याआधी वेल्डिंग केले तर फॉसजीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. खाली भक्कम घोड्या (जॅक स्टँड) हव्यातच. वेल्ड तुटण्याआधी या चार गोष्टी माणसाला गाठतात.

राहिला ओढा. ॲक्सल चालून गरम झालेला असताना थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे छिद्र) बुजलेला असेल तर ऑईल सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे ब्रीदर नळ्या जोडून बॉनेटखाली उंच नेले आहेत. ब्रेक ऑईल नवे, डॉट ४ या दर्जाचे आहे. कोरड्या अवस्थेत त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण ते हवेतला ओलावा शोषते आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते, त्यामुळे ते ठरावीक काळाने बदलावे लागेल. पाट्यांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचे पूर्ण वजन पडल्यावरच शेवटचे आवळले. हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ओढ्यातून बाहेर आल्यावर दोन्ही ॲक्सलचे ड्रेन प्लग सैल करून ऑईल दुधाळ झाले आहे का ते पाहणार आहे. झाले असेल तर तेही येथेच लिहीन, आणि सील कुठला गेला तेही.