‘हरकत घेतली नाही’ म्हणजे संमती नव्हे

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजीच्या म्युझियममध्ये मी एका बरणीतलं लहानसं हृदय निरखत होते. पडद्याला असलेलं भोक शोधायचं होतं. बरणीवर नंबर होता, निदान होतं. हे कुणाच्या बाळाचं, त्यांना कुणी विचारलं होतं का, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. पुढे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या ‘आल्डर हे’ या मुलांच्या रुग्णालयाविषयी वाचलं आणि ती बरणी डोळ्यांसमोर आली, ती आजही जात नाही.

१९९९ मध्ये ब्रिस्टलच्या बालहृदय शस्त्रक्रियांची चौकशी सुरू होती. तिथे साक्ष देताना एका तज्ज्ञाने ‘आल्डर हे’मधल्या हृदयांच्या संग्रहाचा उल्लेख केला आणि मृत बालकांचे अवयव आईवडिलांना नीट न सांगता ठेवून घेतल्याचं बाहेर आलं. त्याच्या चौकशीच्या जानेवारी २००१ च्या रेडफर्न अहवालात नोंद आहे: सुमारे ८५० बालकांचे अवयव, २००० हून अधिक बरण्या. अवयव टप्प्याटप्प्याने परत मिळत गेले, तसे काही आईवडिलांनी एकाच बाळाचे दोनदा, तीनदा अंत्यसंस्कार केले.

यातल्या कित्येकांनी शवविच्छेदनाच्या संमतीच्या फॉर्मवर सही केलेली होती, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. फॉर्मवर शब्द होता ‘टिश्यू’. आईबाप समजले, नखाएवढा तुकडा घेतील. घेतलं अख्खं हृदय, अख्खा मेंदू.

तेव्हाचा तिथला १९६१ चा कायदाही तसाच ढिला. जमेल तेवढी चौकशी करा, मृताचा किंवा नातेवाइकांचा विरोध दिसला नाही तर पुढे जा. मोडला तर शिक्षा काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ज्याला काही सांगितलंच नाही तो विरोध कशाला करणार? २००४ च्या ह्यूमन टिश्यू अ‍ॅक्टने हे उलटवलं. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आता संशोधनासाठी किंवा शिकवण्यासाठी मृताचं काही ठेवायचं तर आधी संमती हवी, नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माणसाने जिवंतपणी स्वतः काही ठरवलं नसेल आणि कुणाला नेमलंही नसेल, तर कुणाला विचारायचं याचा क्रम कायद्यातच आहे. आधी पती, पत्नी किंवा जोडीदार, मग आईवडील आणि मुलं, असं करत शेवटी जुना मित्रसुद्धा.

कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद किंवा अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सांगितलेल्या शवविच्छेदनाला मात्र घरच्यांची संमती लागत नाही, आणि ते मला मान्य आहे. संशयास्पद मृत्यूचा शोध कुणाच्या होकारावर अडून राहू नये. पण मृत्यूचं कारण कळलं की कॉरोनरचा अधिकार संपतो, आणि घसरण नेमकी तिथेच होते. २०१२ मध्ये तिथल्या पोलिसांनीच केलेल्या तपासणीत ४९२ अवयव आणि शरीराचे मोठे भाग पोलिसांसाठी ठेवलेले सापडले. अनेक घरांना त्याचा पत्ताच नव्हता.

सहकारी म्हणतात, इतकं विचारत बसलं तर संशोधन थांबेल. माझा अनुभव वेगळा आहे. एका आईने मला विचारलं होतं, “डॉक्टर, मेंदू परत ठेवणार ना?” तपासण्याआधी मेंदू फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर थांबा, नाहीतर मेंदूशिवाय अंत्यसंस्कार करा, एवढंच तिच्या हातात होतं. ते सांगताना माझी जीभ जड झाली होती. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तुम्ही ठेवा, काम झालं की मला सांगा.

स्कॉटलंडच्या २००६ च्या कायद्यात तपासणीसाठी मेणात बसवलेले अवयवाचे छोटे तुकडे (ब्लॉक) आणि त्यांचे पातळ काप लावलेल्या काचेच्या स्लाइड मृताच्या वैद्यकीय नोंदीचा भाग धरले जातात. पॅथॉलॉजिस्ट म्हणून मला त्याचं मोल कळतं. त्या एका ब्लॉकवरून वर्षांनंतर पाठच्या भावंडाचा आनुवंशिक आजार ओळखता येऊ शकतो. म्हणून ते जपावेतच. फक्त घरच्यांना त्याच दिवशी, समोर बसून, अवयवाचं नाव घेऊन सांगावं: काय ठेवतोय, केवढं, कशासाठी, किती दिवस. ‘टिश्यू’ एवढ्यावर भागवू नये.