इंजिन मावलं, पुढे?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या दर्दी मंडळींमध्ये एक मजकूर बरेच दिवस हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: थकलेलं जुनं इंजिन उघडत बसू नका. अपघातात गेलेल्या एखाद्या नव्या गाडीचं इंजिन मिळवा, शनिवारी जुनं उतरवा, रविवारी नवं चढवा. इंजिन बॉनेटखाली मावलं की ऐंशी टक्के काम झालं. वजन घटतं, ताकद दुप्पट होते, गाडी नव्यासारखी बिनघोर चालते, खर्च जुनं इंजिन बांधण्यापेक्षा कमी येतो आणि मन बदललंच तर मूळ इंजिन परत बसवता येतं. पुरावा म्हणून शेवटी सनबीम टायगरचं नाव: कंपनीनेसुद्धा हेच केलं होतं!

इंजिन बदलायला माझा विरोध नाही. मूळ नटबोल्टलाही हात लावू नका म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींशी माझं कधीच जमलं नाही. पण या मजकुरावर भरवसा ठेवून कुणी गाडी स्टँडवर चढवली, तर ती तिथेच धूळ खाईल आणि एक दिवस ‘काम अर्धवट, सगळे पार्ट सोबत’ अशी जाहिरात देऊन विकली जाईल. अशा गाड्या मी पाहिल्यात, त्यातली एक विकतही घेतली होती. त्यामुळे जरा सविस्तर.

सुरुवात पुराव्यापासूनच करू. सनबीम टायगर १९६४ साली आली. सनबीमच्याच मूळच्या चार सिलिंडरच्या अल्पाइनमध्ये फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडर असलेलं इंजिन) घातलेली ही गाडी. आता तिथे काय काय करावं लागलं ते बघा. स्टिअरिंगची जुनी पेटी मध्ये येत होती, म्हणून अख्खी यंत्रणा काढून रॅक अँड पिनियन प्रकारचं स्टिअरिंग घातलं. इंजिन मागे सरकेना, म्हणून कारखान्यात रंगवून आलेल्या बॉडीचं बल्कहेड (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) घणाने ठोकून आत दाबलं जायचं. एका स्पार्क प्लगपर्यंत पाना पोचेना, तर त्यासाठी बल्कहेडला भोक पाडून रबरी बूच लावलं. आणि हे करणाऱ्यांच्या दिमतीला ड्रॉइंग ऑफिस होतं, प्रयोगाच्या गाड्या होत्या, सुरुवातीच्या कामाला अमेरिकेतले नामांकित रेसर आणि गाड्या बांधणारे कॅरोल शेल्बी यांचं वर्कशॉप होतं. कंपनीने केलं हे खरंच. पण एका रविवारात केलं असं कुणी म्हटलेलं नाही.

‘मावलं की ऐंशी टक्के.’ माझा अनुभव विचाराल तर पंचवीस. टोयोटा एई-८६ या मागची चाकं फिरवणाऱ्या जुन्या गाडीत तिच्याच इंजिनाच्या कुळातलं २० व्हॉल्व्हचं ४ए-जीई इंजिन घालणं हे सोप्यातलं सोपं काम मानतात. ब्लॉक ओळखीचा, फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं तो आधार) जुळण्यासारखं. पण ते २० व्हॉल्व्हचं इंजिन पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत आडवं बसायचं. एई-८६ मध्ये ते उभं लावलं की हेडच्या मागच्या टोकाचा डेल्को (प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) थेट बल्कहेडवर आदळतो आणि पाण्याचा मागचा पाइपही तिथेच अडतो. मग डेल्को काढून ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल लावा, त्या कॉइल चालवायला दुसरा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणा, पाण्याची वाट पुढे फिरवा. एकाच घराण्यातल्या इंजिनाची ही कथा, परक्याची काय असेल!

खाली ऑइलचं चेंबर असतंच. त्याचा खोल भाग पुढे असला आणि गाडीचा क्रॉसमेंबरही (खालचा आडवा तुळईसारखा भाग) नेमका तिथेच असला, तर चेंबर कापून नव्याने वेल्ड करावं लागतं. घाईत ते नुसतं उथळ केलं, तर लांब वळणावर ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि काही सेकंदांत बेअरिंगं उडतात. सरळ रस्त्यावरच्या चाचणीत हे कळतच नाही. इंजिन किती तिरपं बसलंय त्यावर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) कोन ठरतात. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळू शकणाऱ्या सांध्यांचे) कोन एकमेकांशी जुळले नाहीत तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते आणि माणूस बिचारा चाकं बॅलन्स करत बसतो.

वजनाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, अर्धं. एमजीबी या चार सिलिंडरच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या दोन भावंडांचीच गोष्ट घ्या. १९६७ च्या एमजीसीत तीन लिटरचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन घातलं. ते मूळ इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड. बॉनेटला फुगवटा द्यावा लागला, पुढचं सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) घालावे लागले, तरी ‘नाक जड’ हा शिक्का काही पुसला गेला नाही. १९७३ च्या एमजीबी जीटी व्ही-८ मध्ये रोव्हरचं साडेतीन लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आलं. सिलिंडर दुप्पट, पण वजन चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाहून जास्त नाही. म्हणजे मोठं इंजिन जड असतंच असं नाही, तसं नवीन इंजिन हलकं असतंच असंही नाही. जनरल मोटर्सचं एलएस-१ (१९९७ च्या कॉर्व्हेटमधलं) अ‍ॅल्युमिनियमचं, पण त्याच कुळातली ट्रकची स्वस्त इंजिनं लोखंडी ब्लॉकची असतात, आणि ‘अरे, तेच आहे’ म्हणत लोक तीच घेतात. शिवाय तोलायचं ते नुसतं इंजिन नव्हे. गिअरबॉक्स, रेडिएटर, इंटरकूलर, एक्झॉस्ट सगळं धरा, आणि ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या पुढे येतंय की मागे तेही बघा.

‘गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) तेच ठेवा.’ त्याच मजकुरातला हा सल्ला सगळ्यात महागात पडणारा. माझदाच्या १.६ लिटरच्या पहिल्या एमएक्स-५ चा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) साधारण १३५ न्यूटन-मीटर. तिचं छोटं डिफरन्शियल इतकं नाजूक, की लोक मूळ इंजिनाला टर्बो लावला तरी १.८ च्या गाडीतलं मोठं घालतात. एलएस-१ चा टॉर्क सुमारे ४७५. पहिल्याच सिग्नलला मागून खाडकन आवाज आला तर नवल नाही. ब्रेकचंही तसंच. वेग १.४ पट झाला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

आता वायरिंग. ‘लाल वायर बॅटरीला, काळी बॉडीला, बाकी ईसीयू शिकून घेतो’ हे त्याच मजकुरातलं वाक्य वाचून मी चहा सांडला. नव्या इंजिनाचा ईसीयू एकटा नसतो. त्याला चावीतला इमोबिलायझर (चोरी रोखणारी चिप) ओळखायचा असतो, अ‍ॅक्सिलरेटरच्या इलेक्ट्रॉनिक पेडलशी बोलायचं असतं, अनेकदा एबीएस आणि डॅशबोर्डचीही हजेरी लागते. यातलं कुणी गैरहजर असलं की इंजिन एक तर सुरूच होत नाही, नाही तर सुरू होऊन हातपाय आखडून चालतं. इमोबिलायझर प्रोग्रॅममधून काढावा लागतो किंवा स्वतंत्र ईसीयू घेऊन ट्यून करावा लागतो. आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा जुना टॅकोमीटर? चार सिलिंडरच्या कॉइलकडून त्याला क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठोके मिळायचे. एकाच कॉइलच्या व्ही-८ ला तो जोडलात तर चार मिळतील आणि काटा दुप्पट आकडा दाखवेल. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल तर जोडायचा कुठे हाच प्रश्न.

पेट्रोलही विसरलं जातं. कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.४ बार दाब पुरतो, एलएससारख्या इंजेक्शनच्या इंजिनाला चारच्या आसपास लागतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळीत चार बार सोडणं म्हणजे आगीला निमंत्रण. पंप, फिल्टर, नळ्या, टाकीतले आडवे पडदे, सगळंच नवं.

यातून खर्चाच्या दाव्याचा निकाल आपोआप लागतो. इंजिनाची किंमत ही यादीतली पहिली ओळ असते. कामातला निम्मा खर्च क्लॅम्प, नळ्या, ब्रॅकेट, दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर आलेल्या अडॉप्टर प्लेट, असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत जातो. कायदा जागोजागी वेगळा. कॅलिफोर्नियात इंजिन गाडीइतकं किंवा त्याहून नवं लागतं आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी सामग्री सोबत बसवावी लागते. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही जागा शोधा.

‘नव्यासारखी बिनघोर.’ इंजिन असेलही. पण अशी गाडी बंद पडते ती घरी बनवलेल्या वायरिंगच्या सांध्यामुळे, किंवा रेडिएटर इंजिनापेक्षा खाली राहिल्याने हेडमध्ये हवा अडकून. माझी दुसऱ्या कारणाने पडली होती. तापमानाचा काटा शांत होता, कारण सेन्सरभोवती पाणीच नव्हतं.

राहिलं मूळ इंजिन परत बसवणं. क्रॉसमेंबर कापला नसेल, बल्कहेड ठोकलं नसेल, तर जमतं. त्यासाठी जुन्या वायरिंगच्या प्रत्येक टोकाला उतरवतानाच चिठ्ठी लावा, फाउंडेशन, चेंबर आणि प्रोपेलर शाफ्ट भंगारात देऊ नका, इंजिन नंबरची कागदपत्रं जपा. मी घेतलेल्या त्या अर्धवट गाडीसोबत मूळ इंजिन आलं होतं, चेंबर नव्हतं. ते मिळायला अकरा महिने लागले.