मशीन बीपी मोजतं, मग भूलतज्ज्ञ कशाला बघत बसतात?

“भूल दिल्यावर बीपीचं काम मशीनचं. दंडाला कफ बांधला की दर पाच मिनिटांनी अचूक आकडा येतो, भूलतज्ज्ञाने फक्त स्क्रीन बघायची.” असा मेसेज सध्या फिरतोय. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

अचूक आकडा? कफ, म्हणजे दंडावरचा हवेचा पट्टा, फुगतो, टप्प्याटप्प्याने हवा सोडतो आणि धमनीच्या ठोक्यांमुळे त्यातल्या हवेत उठणाऱ्या लहरी टिपतो. लहर सर्वांत मोठी असते तिथला दाब म्हणजे सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा कंपनीने बसवलेल्या गणितातून निघतो. म्हणूनच आम्ही भूलतज्ज्ञ आधी स्क्रीनवर कंसात दिसणारा सरासरी आकडा बघतो. तो 65 मिमीच्या (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) खाली रेंगाळला की मूत्रपिंडाला आणि हृदयाला इजा होण्याचा धोका वाढतो. ठोके अनियमित असतील, रुग्ण कुडकुडत असेल किंवा सर्जन हातावर रेलले असतील, तर हे गणितही बिघडतं.

‘कफ बांधला की झालं’ हे तर सर्वांत घातक. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के हवी, लांबी 80 टक्के. घेर 32 सेंमी असेल तर रुंदी साधारण 13 सेंमी. जाड दंडावर लहान कफ बांधला तर बीपी खोटं जास्त दिसतं, आणि खरोखर पडलेलं बीपी लपून राहतं. उंचीचाही हिशेब आहे: कफ हृदयापेक्षा 10 सेंमी खाली असेल तर आकडा सुमारे 7.5 मिमीने वाढतो. खांद्याच्या ऑपरेशनला रुग्ण बऱ्याचदा बसता असतो. मेंदू कफपेक्षा 25 सेंमी वर असेल तर तिथला दाब स्क्रीनवरच्यापेक्षा जवळपास 19 मिमीने कमी असतो.

पाच मिनिटं ही कमाल मुदत आहे. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दिल्यावर दोन-तीन मिनिटांतच बीपी कोसळू शकतं, म्हणून त्या वेळी दर एक-दोन मिनिटांनी मोजायचं. मात्र स्थिरावल्यावर अंतर पुन्हा वाढवायलाच हवं. सतत फुगणाऱ्या कफखाली त्वचेवर लाल ठिपके उठतात, मज्जातंतू दबतो. सलाईन त्याच हाताला असेल तर प्रत्येक फुगण्याला औषध अडतं, बोटावरचा ऑक्सिजनचा आलेखही नाहीसा होतो.

आणि स्क्रीनवरचा आकडा आत्ताचा आहे कशावरून? मोजणी फसली तर काही मॉनिटरवर जुनाच आकडा राहतो. शेजारची वेळ वाचायची, नाडीला बोट लावायचं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड अचानक घसरला तर ती रक्ताभिसरण कोसळल्याची खूण असू शकते, म्हणून पुढच्या मोजणीची वाट न बघता लगेच कारण शोधायचं. मोठ्या रक्तस्रावाची शक्यता असेल तर धमनीतच बारीक नळी घालून ठोक्यागणिक दाब बघतात.