बोटं मोजू द्या हो त्याला

गेल्या रविवारी इंदूरच्या सुदामानगरला दादाकडे जेवायला गेले होते. जेवणं झाली, वहिनी आत आवरत होत्या आणि मी चिकूला, म्हणजे माझ्या भाच्याला, सहज विचारलं की तुझ्याकडे आठ बोरं आहेत, आत्याने अजून पाच दिली, किती झाली? पहिलीत आहे तो. प्रश्न ऐकला आणि पटकन दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मला वाटलं थंडी वाजतेय. मग खाली लक्ष गेलं तर मोज्यांच्या आत पायाची बोटं हलत होती, एकेक करून. हाताची बोटं मोजायची नाहीत म्हणून पोरगं पायाच्या बोटांवर मोजत होतं, तेही लपवून! तेरा म्हणाला, बरोबर म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं ते असं की काहीतरी चोरी पकडली गेली.

वहिनींना विचारलं तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. "जागे व्हा पालकांनो" असं वर लिहिलेला तो मेसेज, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आलाच असेल, आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तर तीनदा येऊन गेलाय. थोडक्यात म्हणणं असं की शाळेत ज्या ॲक्टिव्हिटी चालतात, मणी, काड्या, माती, दुकान-दुकान, ते सगळं विदेशी खूळ आहे, आपल्याकडे पाठांतरानेच विद्वान झाले. हाताने खेळत शिकलं की उजवा मेंदू वाढतो आणि गणिताचा डावा मेंदू सुस्त होतो. बोटं मोजणारं मूल कायम गणितात कच्चं राहतं, म्हणून पहिलीतच हात मांडीखाली ठेवून हिशेब करायला लावा, पंधरा दिवसांत सवय सुटते. सिंगापूरची मुलं नुसतं घोकून जगात पहिली येतात. आणि शेवटी, ॲक्टिव्हिटी म्हणजे शाळांचा पालकांकडून पैसे काढायचा धंदा आहे.

मी बारा वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय. वहिनींवर माझा राग नाही, काळजीपोटी केलंय त्यांनी. पण ज्याने कोणी हे लिहिलं त्याने आयुष्यात कधी सहा वर्षांच्या मुलाला बेरीज शिकवलेली नाही हे मी खात्रीने सांगते.

आधी बोटांचंच घेते, कारण बाकीचे बहुतेक मुद्दे नुसते चुकीचे आहेत, याने मात्र मुलाचं नुकसान होतं.

आठ अधिक पाच करताना मुलाच्या डोक्यात काय चालतं ते बघा. आठ लक्षात ठेवायचे, पुढे मोजत जायचं, आणि मोजताना आपण किती पावलं पुढे आलो तेही लक्षात ठेवायचं. मोठ्यांना हे आपोआप जमतं, सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं जमत नाही. त्यातली एक गोष्ट बोटं धरून ठेवतात, बस एवढंच. आपल्या शाळांत वर्षानुवर्षं म्हणतात ना, "आठ मनात, पाच हातात", त्याचा अर्थ हाच आहे. सुरुवातीला मूल आठही बोटांवर मोजतं, मग पाच मोजतं, मग सगळी परत एकपासून मोजतं. काही महिन्यांनी एके दिवशी ते आठ मोजतच नाही, सरळ नऊपासून सुरू करतं. ज्या दिवशी हे होतं त्या दिवशी त्याला बेरीज कळलेली असते. मी वर्गात त्या क्षणाची वाट बघत असते, प्रत्येक मुलाच्या.

आणि दुसरी गोष्ट, हात समोर असला तरच मला चूक दिसते. कितीतरी मुलं आठ अधिक पाचचं उत्तर बारा देतात. का? तर पहिलं बोट उघडताना "आठ" म्हणतात, मग नऊ, दहा, अकरा, बारा. पाच बोटं बरोबर उघडली, सुरुवात चुकली. बोटं बघितली की मला दोन सेकंदांत कळतं आणि दोन मिनिटांत सुधारता येतं. हात मांडीखाली असेल तर मला फक्त "बारा" ऐकू येणार, आणि आई म्हणणार की लक्ष नाही याचं, मूर्ख आहे. मग मूल काय करतं, अंदाज मारायला लागतं. बारा नाही तर चौदा, चौदा नाही तर तेरा, आपल्या चेहऱ्याकडे बघत बघत. अशी मुलं तिसरीत माझ्या मैत्रिणीच्या वर्गात पोचतात तेव्हा त्यांना गणिताची भीती बसलेली असते, ती काढायला वर्ष जातं.

आता मेसेजवाल्याने "मोठ्या युनिव्हर्सिटीचं संशोधन" असं मोघम लिहिलंय, नाव नाही गाव नाही. मी नाव सांगते. स्वित्झर्लंडमध्ये लोझान विद्यापीठ आहे, तिथे कॅथरीन थेवनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा वर्षांच्या ३२८ मुलांवर हेच तपासलं, चाइल्ड डेव्हलपमेंट नावाच्या जर्नलमध्ये आलंय. जी मुलं बोटं वापरत नव्हती त्यांना मुद्दाम बोटांवर बेरीज करायला शिकवलं. त्यांची बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेली. अशाच दुसऱ्या मुलांना बोटं शिकवली नाहीत, ती ४० वरून ४८ वर, म्हणजे जिथल्या तिथेच. आपण इकडे हात बांधायला निघालोय आणि तिकडे न मोजणाऱ्यांना मोजायला शिकवून दुप्पट फरक पडलाय! मूल मग आयुष्यभर बोटंच मोजत बसेल ही भीतीही खोटी आहे, त्याच लोझानच्या लोकांनी मुलांना साडेचार ते साडेसात वर्षांपर्यंत पाहिलं, आणि ज्यांनी आधी बोटं वापरली आणि मग आपणहून सोडली ती मुलं कधीच न वापरणाऱ्यांच्या पुढे निघाली. आपणहून सोडली, हे महत्त्वाचं. चालायला लागलं की पांगुळगाडा सुटतोच, कोणी हिसकावून घ्यावा लागत नाही.

हा एक मुद्दा जरी पटला तरी माझं काम झालं, पण बाकीचंही सांगूनच टाकते.

विदेशी खूळ म्हणे. आमची आजी पेरांवर जप मोजायची, अंगठा एकेका पेरावर सरकत जायचा, ते काय विलायतेहून आलं होतं? धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवणं, चिंचोक्यांवर सम-विषम, हे कोणाचं? आणि जे पाठांतर पाठांतर म्हणून मिरवतात त्यांनी जरा आठवावं की आजोबांना पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे, येत होते ते कशासाठी. बाजारात पावशेर, अच्छेर मोजलं जायचं, दिडकीचा पाढा म्हणजे रोज डोळ्यांसमोर तराजूत बघितलेली गोष्ट होती. घोकलं होतंच, नाही म्हणत नाही, पण वस्तू आधी आणि पाढा नंतर.

आणि बालवाडीचं म्हणाल तर ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन मुलांना शिकवलं. मराठी बायका होत्या दोघी. आपल्या मध्य प्रदेशात तर आपल्याला कोणी सांगायची गरजच नाही, इंदूरहून काही तासांवर होशंगाबाद, आता नर्मदापुरम म्हणतात, तिथे १९७२ साली सोळा सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीला, प्रयोग करून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी. पुढे १९८२ मध्ये एकलव्य संस्था झाली आणि तिने ते सांभाळलं. खेड्यातली मुलं फुलं उघडून बघत होती, स्वतः निरीक्षणं लिहीत होती, परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची परवानगी होती कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथेच होते, सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करायचं त्यांचं काम तिथूनच सुरू झालं. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, तीस वर्षं चालल्यावर. ज्यांच्या राज्यात हे झालं त्यांनीच याला परदेशी म्हणावं याचं मला फार वाईट वाटतं.

डावा-उजवा मेंदू यावर मी वेळ घालवणार नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठाने हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले, कोणी डाव्या मेंदूचा आणि कोणी उजव्या मेंदूचा असं काही सापडलं नाही. विषय संपला.

सिंगापूर. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत गणितात ५७५ गुण घेऊन ते पहिले आले हे खरं आहे. पण घोकून? तिथे १९८० च्या दशकापासून प्राथमिकचं गणित वस्तू, मग चित्र, मग आकडे याच क्रमाने शिकवतात. म्हणजे मेसेजवाल्याने उदाहरण दिलं तेच त्याच्या विरुद्ध जातंय.

आणि हा क्रम आपल्या इंदूरच्या मराठी मुलांना तर जास्तच लागतो, ते कसं ते सांगते. घरी आजी म्हणते सत्तेचाळीस, खाली भाजीवाला म्हणतो सैंतालीस, शाळेत मॅडम म्हणतात फोर्टी सेव्हन. पहिल्या दोन्हीत सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल सात आधी लिहितं, ७४. मूल बिचारं जसं ऐकलं तसंच लिहितंय. मी काय करते, खराट्याच्या काड्या घेते, दहा-दहाचे गठ्ठे करून रबरबँड लावायला लावते, ते मुलांनीच लावायचे. चार गठ्ठे आणि सात सुट्या. आता म्हण आजीसारखं, म्हण भाजीवाल्यासारखं, म्हण मॅडमसारखं. नावं तीन, पण टेबलावर गठ्ठे चारच. मागच्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली, गठ्ठे हातात धरून म्हणाली, "मॅम, सत्तेचाळीसमध्ये चाळीस लपलेत." ती परत कधी ७४ लिहिणार नाही. सत्तेचाळीस शंभरदा लिहून आणायला सांगितलं असतं तर शंभरदा ७४ लिहून आणलं असतं.

आता शेवटचा मुद्दा, धंदा. इथे मला थोडं मान्य करावं लागतं आणि ते करताना जड जातंय, पण खोटं कशाला बोलू. ॲक्टिव्हिटीच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंच बंद व्हायला हवं. रात्री अकराला आई थर्माकोलचा ज्वालामुखी रंगवतेय आणि मूल झोपलंय, यात कोण शिकलं? एका शाळेत माझ्याच नात्यातल्या मुलीला सौरमालेचं मॉडेल आणायला सांगितलं, बाजारात रेडीमेड मिळतं ते साडेतीनशेला आणलं, फोटो काढला, शाळेच्या पेजवर टाकला, ग्रहाचं एक नाव कोणी विचारलं नाही. यावर पालक चिडतात ते बरोबरच आहे. माझ्या काड्यांना आणि रबरबँडला पूर्ण वर्गाचे मिळून पन्नास रुपये लागत नाहीत.

आणखी एक. नुसतं हाताने करून भागत नाही हेही खरं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर. ही मुलं भाजीचे अवघड हिशेब फटाफट तोंडी करतात, पण तोच हिशेब वहीतल्या उदाहरणासारखा दिला की अडतात. मेसेजवाले हे वाचून खूश होतील, पण त्यांनी पुढचंही वाचावं: शाळेतल्या मुलांना वहीतली उदाहरणं येत होती आणि बाजारातला हिशेब येत नव्हता. दोन्हीकडे मधला पूल नाही. तो पूल बांधणं हेच शिक्षकाचं काम आहे, दुकान-दुकान खेळताना पाव किलो शेव तोलली की तिथल्या तिथे पाटीवर २५० लिहायचं, चार वेळा तोलली की २५० चार वेळा लिहून बेरीज करायची. खेळून सोडून दिलं तर तो खेळच राहतो. आणि पाढे पाठ हवेतच, माझ्या वर्गात रोज म्हणतात, त्यात भांडण नाहीच.

वहिनींची खरी काळजी वेगळी होती, ती नंतर कळली. चिकूच्या शाळेत दर महिन्याला घड्याळ लावून टेस्ट असते आणि डायरीत शेरा आलाय की बोटं मोजणं बंद करावं. म्हणजे मेसेज आला तेव्हा त्या आधीच घाबरलेल्या होत्या. मी दादाला सांगितलंय की शाळेत मी येते बरोबर, लोझानचं ते छापून आणते, मॅडमशी नीट बोलू.

काल रात्री वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, ते आठ मनात म्हणजे नक्की कसं सांगायचं त्याला, मला दाखवा. व्हिडिओ कॉलवर दाखवलं. कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचं "आठ". मग मूठ समोर धरायची, आणि एकेक बोट उघडत नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. सुरुवात नऊपासून, आठपासून नाही. मागून चिकूचा आवाज आला, "आत्या, हात वर काढू?"