जजला हात लावू देणारा रॉटवायलर बिनकामाचा नसतो

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, चार दिवसांत मला तिघांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की डॉग शोचा जज फक्त केस आणि चेहरा बघतो, जो कुत्रा जास्त मोठा तोच जिंकतो, आणि खरा राखणदार कुत्रा परक्याला अंगाला हात लावूच देत नाही, म्हणजे रिंगमध्ये गप उभा राहणारा रॉटवायलर नाहीतर डॉबरमन काही कामाचा नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तोच सगळ्यात घातक आहे. हे वाचून कोणीतरी आपलं पिल्लू मुद्दाम भडकू बनवणार आणि एक दिवस ते घरी आलेल्या लहान पोराला चावणार. एफसीआय या श्वानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जात कशी असावी याच्या लेखी वर्णनात, आक्रमक कुत्रा आणि अति भित्रा कुत्रा, दोघंही थेट बाद आहेत, आणि ते एकत्र लिहिलंय ते उगाच नाही. मालक शेजारी उभा आहे, धोका काही नाही, तरी जो गुरगुरतो तो बहुतेक वेळा आतून घाबरलेला असतो, आणि असा कुत्रा खरी वेळ आली की पळतो नाहीतर भलत्याच माणसाला धरतो. माझी रॉटवायलर मादी पहिल्यांदा रिंगमध्ये गेली तेव्हा गुरगुरली नाही की काही नाही, फक्त जजने तोंडाला हात लावला तसं तिने सगळं वजन मागच्या पायांवर घेतलं आणि शेपटी खाली गेली. बस्स, तेवढं त्यांनी बघितलं. नंतर विचारलं तर म्हणाले, शरीर छान आहे, मन अजून तयार नाही. मला तेव्हा वाईट वाटलं पण ते शंभर टक्के बरोबर होते.

आता केस आणि चेहरा. ग्रेट पिरेनीजसारखी मेंढ्या राखणारी जात घ्या, ब्रशने केस फुगवले की कुठलाही कुत्रा भारदस्त दिसतो, म्हणूनच तर जज बोटं केसांत खुपसून खांद्याचं हाड, बरगड्या आणि आतली दाट लव चाचपतो, कारण हा कुत्रा थंडीत रात्रभर कळपासोबत बाहेर राहायचा. मग दात बघतात, पूर्ण ४२ आहेत का आणि कात्रीसारखे बसतात का. आणि मग ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल! लांब जाताना मागचे पाय सरळ पडतात का, जवळ येताना कोपर बाहेर फेकतो का, बाजूने पाठ स्थिर राहते की डुलते. दिवसभर चालणाऱ्या कुत्र्याची पाठ डुलली तर तो दुपारपर्यंत थकणार. मला विचाराल तर निम्मा निकाल इथंच लागतो.

मोठा तो जिंकतो हे तर साफ खोटं. रॉटवायलर नराच्या स्टँडर्डमध्ये ६५-६६ सेंमी ही योग्य उंची लिहिलीये, ६८ च्या वर जागाच नाही, वजन साधारण ५० किलो.

जज चुकतच नाहीत असं मी म्हणत नाहीये. २०१२ ला क्रफ्ट्स या ब्रिटनमधल्या मोठ्या डॉग शोमध्ये १५ जातींच्या बेस्ट ऑफ ब्रीड, म्हणजे आपापल्या जातीत पहिल्या आलेल्या कुत्र्यांची व्हेटकडून तपासणी झाली आणि ६ नापास झाले, त्यात मॅस्टिफ आणि निआपॉलिटन मॅस्टिफ या दोन राखणदार जाती होत्या. जजने जिंकवलेले कुत्रे होते ते. यावर चिडा ना, मीही चिडतो.

आणि हो, रिंगमध्ये धाडस तपासता येत नाही हे खरंय. पण ते तपासायची सोय वेगळी आहे, एफसीआय शोमध्ये वर्किंग क्लासला, म्हणजे कामाच्या कुत्र्यांच्या गटात, उतरायचं तर कामाच्या परीक्षेचं सर्टिफिकेट लागतं. आयजीपी ही अशीच एक कामाची परीक्षा, तिच्यात माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग असतात, आणि संरक्षणात समोरच्या माणसाने हातावर चढवलेल्या जाड स्लीव्हला नुसतं चावून भागत नाही, हँडलरच्या, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याच्या, एका शब्दावर सोडून त्या माणसावर नजर ठेवून थांबावं लागतं. हे पास झालेला कुत्राच मग वर्किंग क्लासमध्ये उभा राहतो आणि जजला निवांत तोंड उघडू देतो.